ठणठणीत माणसाची डबी

१ मार्च १९७४, पहाटे
आजपासून बिडी बंद. सूर्यनमस्कार, दूध, अंडं, लवकर झोप. जेलच्या टी.बी. बराकीत तब्येतीची कदर असणारा मी एकटाच. तसा मी इथं चुकूनच आहे. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात काठी मी नुसती धरली होती, डोकं शेजारच्या शेतवाल्या नानाजीनंच मध्ये आणलं. टी.बी.सुद्धा नावालाच.

१ मार्च, दुपारी
एक बिडी. जेवणानंतर चालते. शेजारच्या खाटेवरच्या देवमनला अंडं देऊन घेतली. अंडी मला उष्ण पडतात.

५ मार्च
बायको, पंचफुला, भेटीला आली. आमच्या चंपाचं लग्न ठरलं, पुढच्या महिन्यात, घरीच, रिठदला. म्हणे, तुमी नाही आले तं कन्यादान कोन करीन? जाळीतून तिचा हातही धरता येईना. रडू आलं, ते खोकल्यावर नेलं.
डॉक्टर म्हणाले, थुंकी साफ आली तरच पॅरोल, मंडपात बिमारी वाटायला सोडणार नाही. सोपं आहे. उद्यापासून सूर्यनमस्कार दुप्पट.

९ मार्च
सूर्यनमस्कारांना अजून मुहूर्त नाही. पाठ धरली आहे. इंजेक्शन तेवढं चुकवता येत नाही, जगदेव कंपाउंडर धरून टोचतो. त्यानं काय होणार? माझी प्रकृती मुळातच दणकट.

१८ मार्च
उद्या थुंकीची तपासणी. भीती अजिबात नाही. चार वेळा संडासला जाऊन आलो ते डाळीमुळे.
देवमन पैलवान गडी, माझी अंडी खाऊन गाल वर आलेत. सगळी बराक म्हणते, हा दुधासाठी खोकतो. त्याला वेगळीच चिंता: थुंकी साफ आली की दूध बंद, परत गिट्टी फोडायला. मी तोड काढली. डब्या बदलायच्या. तो म्हणे, उकंडभाऊ, तुमचं डोस्कं एवढं चालते, तं जेलात काहून आले?

१९ मार्च
काम फत्ते. त्याची थुंकी माझ्या नंबरच्या डबीत, माझी त्याच्या. पंचफुलाला निरोप धाडला: येतो, धोतर धुऊन ठेव.

२८ मार्च
रिपोर्ट आले. माझ्या डबीत जंतू. देवमनची साफ. तपासणारा आंधळा असावा.

२८ मार्च, संध्याकाळी
आंधळा नाही. मी बरा झालोय. आणि देवमन खरंच आजारी आहे. त्याचं इंजेक्शन बंद, उद्यापासून गिट्टी. त्याला गाठून सांगितलं. तो हसला. म्हणे, बिमार तुमी, आन् मले सांगून राह्यले?

३ एप्रिल
देवमनला गिट्टी फोडताना रक्ताची उलटी झाली. दुसऱ्या बराकीतला कुणी बोलला. मी तोंड उघडलं तर फसवणुकीची शिक्षा. नाही उघडलं तर दूध चालू. उद्या शांतपणे ठरवतो.

३ एप्रिल, जरा वेळानं
शांतपणे ठरवता येईना. उठून डॉक्टरांना सांगून आलो. त्यांनी शिव्या दिल्या आणि दोघांना समोर बसवून थुंकायला लावलं.

१४ एप्रिल
देवमन परत त्याच्या खाटेवर. दूध, अंडं, इंजेक्शन. माझ्याकडे बघत नाही. मला मात्र लेखी मिळालं: प्रकृती उत्तम, कोणत्याही कामास योग्य. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. डब्या बदलल्याबद्दल पॅरोल रद्द.

२१ एप्रिल
आज चंपाचं लग्न. कन्यादान तिच्या मामानं केलं असेल. धोतर धुऊन ठेवलेलंच असेल.
दिवसभर गिट्टी फोडली. फार धूळ होती. खोकला एकदाही आला नाही.