दोनदा केलेला नमस्कार

तीर्थरूप अण्णा,

शिलाँगला सुखरूप पोचलो. थंडी आहे, पण आईने दिलेला स्वेटर घालतो. तिचे गुडघे कसे आहेत?

आमचा रॉक बँड पंचवीस वर्षांनी एकत्र आलाय, तरी नव्या अल्बमची गाणी इथल्या पोरांना पाठ आहेत. ड्रम्सवर माझा हात अजून चालतो, काळजी नको.

पहिल्या कार्यक्रमाला मी बूट काढून ड्रम्सच्या पाया पडलो. तुम्ही ढोल शिकवताना म्हणायचात ना, "आधी पाया पड, मंग टिपरू उचल." लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मॅनेजर रोज त्या वेळी माझ्यावर मोठा लाइट सोडतो.

काल कॅमेरावाल्याचं हुकलं. तो म्हणाला, "सर, एकदा परत." मी बूट घातले, स्टेजवरून उतरलो आणि परत येऊन पाया पडलो. लाइट तोंडावर नीट पडतोय ना, एवढंच बघत होतो.

तो व्हिडिओ तुम्ही गावात सगळ्यांना दाखवताय, असं वहिनी म्हणाली. नका दाखवू.

फोनवर हे बोलवेना. पत्राच्या सुरुवातीला नमस्कारही कालच्या त्या प्रकारामुळेच लिहिला नाही. घरी आलो की करीन, तुम्ही करू दिलात तर.

तुमचा,
रामनाथ