मधली काचपट्टी

३ नोव्हें., सोम.
वेल्ह्याच्या पुढं, वाडीचा दगडी पूल. कमानीतल्या चिरेवर तीन काचपट्ट्या आडव्या चिकटवल्या. चीर वाढली तर काच तडकणार. कार्यालयातल्या डिग्रीवाल्यांना याचं हसू येतं. येवो. दुरुस्ती पुरेल की पूल बंद करून नवा बांधायचा, हा सल्ला शेवटी माझ्याकडूनच मागवतात.
पट्ट्या घरी कापल्या, कडा पॉलिशपेपरनं घासल्या. न घासलेली काच मी लावत नाही.
वाडीचे माजी सरपंच शंकरअण्णा वरून वाकून बघत होते. "सायेब, काचंनं पूल जोडताय व्हय?" सगळे हसले.

१० नोव्हें.
भोर. कंपनीच्या माणसाचा फोन. वाडीच्या वर रिसॉर्ट बांधतायत, खडीचे डंपर याच पुलावरून न्यायचेत. "पूल ठणठणीत आहे, एवढं तोंडी तरी सांगा." तोंडी मी वेळसुद्धा सांगत नाही, म्हटलं.

१७ नोव्हें.
पट्ट्या तिन्ही शाबूत. पण मधलीवरून बोट फिरवलं तर कापलं. ही माझी नव्हे. शिवाय चिकटवलीय खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीनं. मी लांबी वापरतच नाही.
म्हणजे माझी फुटली, आणि कुणीतरी गुपचूप बदलली. दगड लागून फुटली की चीर हलून? तुकडे पाहिले असते तर एका नजरेत सांगितलं असतं. ओढ्यात तासभर शोधले. एक नाही.
कंपनीच. दुसरं कोण?

१८ नोव्हें.
कंपनीच्या माणसाला सरळ विचारलं. "कसली काच?" इतका चांगला अभिनय त्याला जमायचा नाही.
दुपारी वाडीत. शंकरअण्णांच्या खिडकीला ताजी लांबी.
"अण्णा, काच कुणी बदलली?"
"कंची? मधली?"
मधली, हे मी सांगितलं नव्हतं. त्यांच्याही ध्यानात आलं. 
"पूल बंद झाला की एस्टी पल्याडच थांबनार. नात बारावीला हाय माजी. वढ्याला वळसा घालून दोन कोस चालत जायाचं का तिनं?"
"तुकडे दाखवा. मी नुसते बघतो."
"तुमी बघता, मंग लिवता."

२४ नोव्हें.
अहवाल अडलाय. 'मधली पट्टी तडकली असावी' लिहिलं, खोडलं. कार्यालय विचारणार, पुरावा? डिग्री नसलेल्या माणसाचं 'असावी' कोण धरतो. नवी पट्टी लावलीय, अजून शाबूत. तिच्यावर तरी किती विसंबू...

२७ नोव्हें., गुरु.
संध्याकाळच्या एस्टीनं वाडीला. पुलाच्या अलीकडं बेल मारून उतरलो. कंडक्टर म्हणाला, "काय सायेब, तुमीच भ्यालाव?"
मागोमाग शंकरअण्णा उतरले, गुडघा धरून. वेल्ह्याहून नातीला घेऊन येत होते. तिलाही खाली ओढलं.
"आजोबा, घर पल्याड हाय, हितं कुठं?"
"चल, पाय मोकळं करू."
माझ्याकडं बघितलं नाही. एस्टी पुलावर चढली. पलीकडं पोचेपर्यंत अण्णांनी नातीचं मनगट सोडलं नाही.
गाडीत एकवीस माणसं होती. मी मोजली होती.
अण्णा तुकड्यांबद्दल बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आता गरजही नाही. पण हे अहवालात कुठल्या रकान्यात...
सकाळची गाडी सहा पन्नासला याच पुलावरून खाली जाते. आत्ता रात्रीचे साडेसात. कागद पुढ्यात, कोरा.