औषधाच्या ट्रॉलीवरचा तक्ता

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी आपल्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी एक जुना तक्ता ओळखला. त्यांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, नजर अधू झाली आहे. पण कागद खिडकीपाशी नेऊन त्यांनी एकदाच पाहिला आणि म्हणाल्या, की हे तुझ्या ताईचं अक्षर आणि कडेच्या दोन तारखा माझ्या हातच्या. तक्ता लावला ती एक, काढला ती दुसरी. मधे पाच महिने नऊ दिवस.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू पहिल्या मिनिटाला मोठी बहीण होतेस आणि दुसऱ्या मिनिटाला मी गप्प होतो. म्हणून पत्र.

बालविभागात शिकून गेलेल्या आपल्या माजी डॉक्टरांच्या मंडळाचे उद्योग तुला ठाऊक आहेत. वॉर्डातलं खेळण्यांचं कपाट, लांबून येणाऱ्या आयांसाठी राहायच्या दोन खोल्या, शाळांमधली रविवारची तपासणी. यंदा नवजात कक्षाला चाळीस वर्षं होतात. सचिव म्हणून मीच उत्साहानं सुचवलं, की दीड किलोच्या आतली जी बाळं इथून घरी गेली त्यांना शोधूया. आता ती मोठी माणसं झाली. डोळे-कान तपासू, सगळ्यांचा एक फोटो काढू. खरं सांगायचं तर आपलीच पाठ थोपटून घ्यायचा कार्यक्रम होता.

दोनशे दहा जण आले. शाळेच्या संगीताच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून कान तपासले. ऐकू न येणारे सात निघाले. त्यांतले सहा एकाच वर्षीच्या, पाच महिन्यांतल्या जन्माचे. त्या पाच महिन्यांत एकतीस बाळं घरी गेली होती, शिबिराला एकोणीस आली, त्यांत हे सहा. बाकी सगळ्या वर्षांतून एक. मला ते खुपलं. जुनी नोंदवही काढली, तर पुठ्ठ्याच्या खोळीत घडी केलेला तक्ता.

अँटिबायोटिकच्या इंजेक्शनचा. वजनाप्रमाणे डोस आणि दोन डोसांमधलं अंतर. सगळ्यात हलक्या बाळांपुढे छत्तीस तास हवेत, तिथे बारा आहेत. वरची ओळ खाली उतरली आहे. तेवढ्याशा मूत्रपिंडांना ते औषध बाहेर टाकायला वेळ लागतो आणि साचलं की ते कानांना धरतं, हे मी तुला सांगायला नको.

सहांपैकी एक बाई शाळेचे गणवेश शिवतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही, ओठ वाचतात. आपण डॉक्टर लोक कागदात डोकं खुपसून बोलतो म्हणून त्यांनी ‘वर बघून बोला’ अशी चिठ्ठीच लिहून आणली होती. जाताना त्यांनी आणखी एक चिठ्ठी दिली. माझं असं का झालं, ते तुमच्या वहीत आहे का? मी बघून सांगतो म्हणालो. दहा ऑगस्टला मंडळाची बैठक आहे. त्याआधी तुझं म्हणणं कळव.

गुडघ्यांना जप. तुझा लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा
धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इतकं मुद्देसूद लिहितोस, मग शाळेत निबंधाला मार्क का पडायचे नाहीत कुणास ठाऊक. गुडघे आहेत तसेच आहेत. तुझे भावजी गच्चीवर कुंड्या हलवून कंबर धरून बसले आहेत आणि दोष कुंड्यांना देतात.

तक्त्याबद्दल. अक्षर माझं आहे, त्यात वाद नाही. ट्रॉलीवरचे सगळे तक्ते माझ्याच गळ्यात पडायचे, कारण बाकी कुणाचं लिहिलेलं लागायचं नाही. पण दीड किलोच्या बाळाचे कान जायला डझनभर कारणं असतात. कावीळ चढते, श्वास अडतो, मेंदूला सूज येते. तू प्रत्येकाचे कागद पाहिलेस का? किती डोस दिले, किती दिवस? वरिष्ठ म्हणून विचारते आहे असं समज. एकोणीस माणसांवरून निकाल लावू नयेत हे तुला मीच शिकवलं आहे.

आणि एक. मोठ्या सिस्टर आणखी काही म्हणाल्या का, ते लिही.

काळजी करत बसू नकोस. माया कमी व्हायला तू आता कुणी परका नाहीस.

ताई

१४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सहाही जणांचे कागद काढले. प्रत्येकाला बारा-बारा तासांनी इंजेक्शन, कुणाला आठ दिवस, कुणाला चौदा. दोघांना कावीळही चढली होती. चौघांना तसं काहीच नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या बाई त्या चौघांत.

आमच्या अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले की सिद्ध काहीच होत नाही, आणि झालं तरी आता कुणाचा कान परत येणार आहे? शिबिराच्या अहवालात एक वाक्य घालावं असं ठरलं, की त्या काळच्या पद्धतीप्रमाणे दिलेल्या औषधांमुळे काही जणांच्या श्रवणावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. ताई, ते वाक्य मी सुचवलं. अध्यक्षांनी मान डोलावली तेव्हा मला हायसं वाटलं, आणि घरी आल्यावर जेवण गेलं नाही. तुझ्या भावजयीनं दोनदा विचारलं काय झालं म्हणून. ऑफिसचं आहे म्हटलं, तर म्हणाली, तुम्हाला ऑफिस कधीपासून?

सिस्टर म्हणाल्या ते लिहितो. चूक त्यांच्याच लक्षात आली होती, तुला त्यांनीच दाखवली. तू लगेच तक्ता काढलास, बरोबर केलेला नवा लावलास आणि म्हणालीस की विभागप्रमुख सरांना मी सांगते. त्यांनी जुना जपून ठेवला, सर मागतील म्हणून. सरांनी कधीच मागितला नाही. त्यांनी मला विचारलं, ताईंनी सांगितलं होतं ना? मी म्हटलं, सांगितलंच असणार.

सांगितलं होतंस ना?

उत्तराची वाट पाहतो आहे. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा
धाकटा

२२ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नाही सांगितलं.

पाच दिवस तुला वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिलं, शेवटी या दोनच शब्दांशी आले. दुपार होती, बाळांना पाजायची वेळ. सिस्टरांनी बोट ठेवून दाखवलं आणि मी तिथल्या तिथे नवा तक्ता लिहायला घेतला. परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि परीक्षक सरच. संध्याकाळच्या फेरीत सांगू, असं ठरवलं. मग उद्या. मग परीक्षा झाल्यावर. परीक्षा झाली, सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि महिन्याभरात मी ते गाव सोडलं. सर गेले तेव्हा मी रडले ते पाहून तू मला पाणी आणून दिलं होतंस. मला थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं, हे आज तुला पहिल्यांदा सांगते आहे.

ओळ चुकणं कुणाच्याही हातून होतं. पण तेव्हाच तोंड उघडलं असतं, तर एकतीस बाळं परत बोलावता आली असती. वर्षाच्या आत कान तपासले असते, यंत्रं बसली असती, बोलायला शिकवता आलं असतं. गेलेला कान आपण आणू शकलो नसतो, पण ती वर्षं त्यांची होती. ती माझ्या गप्प बसण्यात गेली.

तेव्हा तुझं ते वाक्य खोड. त्या काळची पद्धत बरोबर होती, पुस्तकात छत्तीस तासच लिहिले होते. माझ्यासाठी केलंस हे कळतं मला. पुन्हा करू नकोस.

सोबतचा लिफाफा शिवणकाम करणाऱ्या बाईंना स्वतः नेऊन दे. उघडाच ठेवला आहे. आधी तू वाच, मग चिकटव. माझा पत्ता आत आहे.

अजून धाकटा भाऊ म्हणवून घ्यावंसं वाटत असेल तर दोन ओळी पाठव.

ताई

२५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वाचलं, चिकटवलं, नेऊन दिलं. त्या मशीनवर होत्या. लिफाफा घेतला, माझ्याकडे वर बघितलं आणि हातानंच जा म्हणाल्या. वाक्य खोडलं आहे. अध्यक्ष नाराज आहेत, होऊ देत.

दोन ओळी मागितल्या होत्यास, चार-पाच झाल्या. सवय तुझीच.

तुझा
धाकटाच

३० जुलै

डॉक्टरबाईंना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पहिल्यांदा मशीनवर बसूनच वाचलं, तेव्हा शर्टाची बाही उलटी जोडली गेली, मग उसवत बसले. दुसऱ्यांदा घरी वाचलं. मला तुमचा राग आला आहे आणि तो लपवणार नाही. पण तुम्ही माफी मागितली नाहीत, नुसतं काय झालं ते लिहिलंत, हे बरं केलंत. माफीला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

मला ऐकू येत नाही हे घरात चौथ्या वर्षी कळलं. तोवर सगळे हट्टी म्हणायचे. शाळेत गेले नवव्या वर्षी. लिहायला तिथे शिकले आणि मग थांबले नाही, कारण बोललेलं फक्त घरच्यांनाच समजतं. आता माझं काम चांगलं चालतं, माझी मुलगी चौथीत आहे. ती मला हाक मारायची तर फरशीवर पाय आपटते, खालचे शेजारी वैतागतात. तेव्हा माझी कीव करू नका.

तुमच्याकडे माझं एक काम आहे. माझी आई अजून आहे. मला दवाखान्यातून आणल्यावर चौथ्या दिवशी आंघोळ घालताना मी तिच्या हातून निसटले आणि कानांत पाणी गेलं. माझं असं झालं ते त्यामुळेच, असं ती धरून बसली आहे. आजीनं तिला मरेपर्यंत ते ऐकवलं. माझी मुलगी झाली तेव्हा आईनं सगळं केलं, पण एकदाही तिला आंघोळ घातली नाही. पाणी तापवून द्यायची आणि बाहेर जाऊन उभी राहायची.

तिला वाचता येत नाही आणि एवढं सगळं मला बोलून सांगता येणार नाही. तुम्ही या आणि तिच्यासमोर बसून सांगा. जरा मोठ्यानं बोलावं लागेल, तिलाही आता कमी ऐकू येतं. मी तुमच्या ओठांकडे बघत असेन, काही गाळलंत तर मला कळेल.

रविवारी दुकान बंद असतं. नऊ ऑगस्टला या. ओळख आताच झाली आहे, म्हणून लोभाचं काही लिहीत नाही.

गणवेशवाली

३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

त्यांचं पत्र आलं, सोबत पाठवते आहे. रविवारी सकाळी नऊला मी स्टेशनवर उतरते, अकराला त्यांच्या घरी जायचं आहे. तू दारापर्यंत ये, आत मी एकटी जाईन. भावजी येतो म्हणत होते, त्यांना कुंड्यांकडे बघा म्हटलं.

सोमवारी बैठकीत तक्ता मी स्वतः समोर ठेवेन आणि सिस्टरांना मी काय सांगितलं होतं तेही सांगेन. उरलेल्या तीस घरांना लिहायची पत्रं तयार आहेत. मंडळानं जे सापडले त्यांचे पत्ते द्यावेत, न सापडलेल्यांचा शोध पुढे चालू ठेवावा, एवढंच मागणार आहे. नाही म्हणाले तर नावं घेऊन मीच फिरेन, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.

रविवारचं मात्र मनाशी नीट ठरवलं आहे. तुमच्या मुलीचे कान औषधानंच गेले असं शंभर टक्के सांगता येत नाही, हे मला त्यांच्या आईंना सांगावं लागेल, कारण ते खरं आहे. पण ते नंतर. आत जाऊन बसले की पाणीसुद्धा घेण्याआधी पहिलं एवढंच सांगायचं आहे, की आंघोळीच्या पाण्यानं कुणाचे कान जात नाहीत. मोठ्यानं, आणि त्यांना पटेपर्यंत जितक्यांदा लागेल तितक्यांदा.

भेटल्यावर बाकीचं.

ताई