वर्णनाशी जुळणारी वस्तू

३ तारीख, सोमवार
नवं घर झकास आहे. खिडक्या मोठ्या, शेजारी मोजके. हे महिनाअखेरीस येतील. तोवर मी आणि पाच वर्षांची ठमी, मायलेकींचंच राज्य. ठमीच्या कपड्यांसाठी ऑनलाइन मागवलेलं पांढरं कपाट आज आलं. उघडलं तर काळं. प्रथमग्रासे मक्षिकापात, दुसरं काय! ग्राहक सेवेतल्या बाईंनी माफी मागितली, परवा माणूस येऊन नेईल म्हणाल्या.

५ तारीख, बुधवार
माणूस आला आणि मोबाइलमध्ये बघून तसाच निघाला. नोंदीत पांढरं, समोर काळं. वर्णन जुळल्याशिवाय वस्तू उचलायची नाही, असा त्यांचा नियम. रंग चुकला म्हणूनच परत करतेय, हे त्याला तीनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. या गडबडीत ठमी धावताना पडली, उजवा गुडघा सोलवटला.

७ तारीख, शुक्रवार
आज पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. बाईंना फोनवर म्हटलं, "घरात बघून वर्णन तुम्हीच लिहा. जे जुळेल ते न्या, पण एकदाचं न्या."
त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. मग संमतीसाठी ओटीपी मागितला. मी दिला. सुटले बाई!

८ तारीख, शनिवार
मेसेज आला: वर्णन दुरुस्त केलं आहे. उंची साडेतीन फूट, वजन सतरा किलो. कपाट माझ्याहून उंच आहे. या कंपनीच्या कारभारापुढे हात टेकले.
दुपारी आणखी एक दुरुस्ती. उजवा गुडघा सोलवटलेला.
मला भीती वाटतेय.

९ तारीख, रविवार
बाईंना सांगितलं, काही परत करायचं नाही, कपाट ठेवते. म्हणाल्या, कपाटाची तक्रार कधीच बंद झाली. ही विनंती वेगळी, संमतीनंतर रद्द होत नाही. मी रडले, हातापाया पडले. त्या शांतपणे म्हणाल्या, मूळ खोकं नसलं तरी चालेल.

१० तारीख, सोमवार
ह्यांचा फोन लागत नाही. दाराला कडी, कुलूप. कपाटही आडवं लावलंय—
मेसेज: ठिकाण, स्वयंपाकघर, ओट्याखाली. आम्ही तिथेच बसलोय—
बेल वाजली. उघडणार नाही. ठमीला घट्ट धरलंय—
बेल थांबली. दार बंदच आहे. कुणी आलं नाही—
मेसेज: वस्तू परत मिळाली. बदली वस्तू घरपोच दिली आहे. धन्यवाद.
खोटं आहे. ठमी माझ्या कुशीतच आहे. ही बघ, आता मान वर करून माझ्याकडे बघतेय, विचारतेय—
"तुम्ही माझ्या आई का?"
मी हिला सोडू, की