लेनार्टसाहेबांनी कॉफी खाली ठेवली

कराक, गुरुवार

प्रिय नाइफाताई,

तुला, दाजींना आणि तुमच्या त्या दोन लाडावलेल्या मांजरांना सलाम. गुडघा कसा आहे? आम्ही अल्लाच्या कृपेने ठणठणीत आहोत. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, पण रक्तदाब घरात रोज असतो. थोरल्या फव्वाझदादांचा सध्या जरा जास्तच आहे, आणि तो का, हे सांगायलाच हे पत्र. (फोन केला असता, पण आपल्या घरात एकाचा फोन सगळेच ऐकतात.)

तर गेल्या सोमवारी आपल्या घराण्याच्या बैठकीत पूर्व आणि पश्चिम यांच्यात शांतता प्रस्थापित झाली. तुमच्या स्वीडनची कसलीशी संस्था आली होती. लेनार्ट नावाचे एक उंच, मऊ आवाजाचे गृहस्थ तिचे प्रमुख. सकाळी त्यांनी लोकरीचा गुंडा काढला. ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने आपल्या मनातली शांतता सांगायची आणि दोरा धरून ठेवून गुंडा समोरच्याकडे फेकायचा. आम्ही बत्तीस म्हातारे अर्ध्या तासात असे गुरफटलो की अबू सख्र यांना (तेच, ज्यांच्याशी आपण विहिरीवरून एकोणीस वर्षं बोलत नाही) माझ्या डाव्या पायापासून वेगळं करायला कात्री मागवावी लागली. ते माझ्या पायाला उद्देशून ‘माफ करा’ म्हणाले. संस्थेने लगेच फोटो काढला. मग गैरसमज दूर करायचं सत्र. त्यांनी विचारलं, तुमच्या बायकांना बोलता येतं का? येतं म्हणजे काय, असं आम्ही बत्तीसजण बायकांच्या वतीने ठणकावून म्हणालो. आम्ही विचारलं, तुम्ही आईला आश्रमात ठेवून रविवारी फोन करता, हे खरं का? त्यावर त्यांच्यातली एक बाई रडायलाच लागली. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, म्हणून जेवणाची सुट्टी लवकर झाली.

दुभाषी म्हणून आमची दीमा होती. तुझ्या या भाचीला तुमच्या माल्मोत पाण्याचं शास्त्र शिकायला शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळालाय, आणि होकार कळवायची मुदत बुधवारी संपत होती. पण ईदच्या दिवशी दादा भर बैठकीत म्हणाले होते, ‘आपल्या घरची मुलगी एकटी समुद्र ओलांडत नाही,’ आणि मी मान डोलावली होती. ती मान सगळ्या गावाने पाहिली, त्यामुळे आता ती परत घेता येत नव्हती. तेव्हापासून दीमा माझ्याशी ‘हो बाबा’ आणि ‘नाही बाबा’ एवढंच बोलायची. (आपल्याकडे याला संस्कार म्हणतात. मला घास उतरत नव्हता.)

दुपारी मटण-भात झाल्यावर कॉफी आली. पहिला कप पाहुण्यांना. लेनार्टसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, गोड हसले आणि न पिता समोर खाली ठेवला. तीस वर्षं तिकडे राहून तू विसरली असशील म्हणून सांगतो, आपल्याकडे पाहुण्याने कॉफी खाली ठेवली म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय, आणि यजमान ‘दिलं’ म्हणत नाही तोवर तो कपाला शिवत नाही. कप तसाच गार झाला तर घराण्याची सात पिढ्यांची अब्रू त्याच्याबरोबर गार. सगळ्या बैठकीच्या नजरा त्या कपावर. अबू सख्र तर मजा बघायला सरसावून बसले. त्यांच्यासमोर दादा मागे हटणार थोडेच? छाती काढून म्हणाले, ‘प्या साहेब. जे मागायला आलात ते दिलं.’

दीमाने हे साहेबांना सांगितलं. ते छातीवर हात ठेवून बराच वेळ ओशाळल्यासारखं काहीतरी बोलले. दीमा खाली मान घालून म्हणाली, ‘पाहुणे म्हणतात, या घरच्या मुलीला दोन वर्षं आमच्याकडे शिकायला पाठवा.’

‘काय?’ दादा.

‘शब्द गेला, फव्वाझ,’ अबू सख्र म्हणाले. एकोणीस वर्षांतलं त्यांचं दादांशी पहिलं वाक्य.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मुन्झिर, तू बाप आहेस. बोल ना काहीतरी.’

‘तुमच्या शब्दापुढे मी कोण, दादा?’ मी म्हणालो. दीमा साहेबांच्या कानाशी काही कुजबुजली. त्यांनी आमच्या बत्तीस चेहऱ्यांकडे पाहिलं आणि औषधासारखी कॉफी घशाखाली ढकलली. टाळ्या पडल्या. आता अहवालात लिहिणार आहेत म्हणे, की लोकरीच्या गुंड्यामुळे कराकमध्ये समाजसुधारणा झाली.

सांग, पोटच्या पोरीने भर बैठकीत बापाच्या डोळ्यांत धूळ फेकावी? यासाठी शिकवलं तिला? मी अत्यंत दुखावलो आहे.

तुझा धाकटा,
मुन्झिर

ता. क. नऊ तारखेला ती विमानाने पोहोचेल. तू स्वतः घ्यायला जा, दाजींना पाठवू नकोस. जाडसा कोट घेऊन जा. तिला थंडी सोसत नाही, आणि तसं ती कबूल करणार नाही.

ता. क. दुसरा. बारा वर्षं मी गोऱ्या इंजिनियरांच्या हाताखाली काढली आणि त्यांचं इंग्रजी मला कळतं, हे दादा विसरलेत, आणि दीमाला ते कुणी सांगितलंच नाही. साहेब एवढंच म्हणाले होते, की दुपारनंतर कॉफी घेतली तर त्यांना झोप लागत नाही. आठवडाभर आधी पथ्याच्या यादीतही त्यांनी हे कळवलं होतं. ती यादी माझ्याकडेच आली होती, आणि कॉफी त्यांना द्यायचीच असं स्वयंपाकघरात मीच सांगून ठेवलं होतं. पुढचं दीमाने केलं. मला वाटलं होतं, तिला सुचायला निदान दुसरा कप लागेल.

तिला यातलं काही सांगू नकोस. बापाला फसवल्याच्या आनंदात जाऊ दे पोरीला. आणि बाबा अजून रागावलेत का, असं तिने विचारलंच, तर म्हण, फार.