कोरडी झाली की घरी

१८ नोव्हेंबर १९३६, बुधवार

पुन्हा ओली! सकाळीच चादर बदलली होती, माझे हात वाळायच्या आत पुन्हा ओली. हाक मारायची नाही, कण्हायचं नाही, नुसती ओल्यात पडून राहते ही धुरपता. चिडले मी. "तोंड नाही का तुला?" तर म्हणते, "किती डाव सांगू बाई, लाज येते." मग मलाच लाज वाटली.

सतरा-अठराची असेल. दरेकशाकडची. तीन दिवस अडली होती, मूल मेलेलं निघालं आणि मूत्राशयाला भोक पडलं. तेव्हापासून लघवी थांबतच नाही, आपोआप गळत राहते. नवरा, जागेश्वर, बैलबंडीत घालून इथे आमगावच्या दवाखान्यात टाकून गेला. सासू दारातच म्हणाली, "वास मारते इचा. सुकली तं ठेवू, नाई तं मायच्या घरी धाडू." तिच्या तोंडावर!

डॉक्टरसाहेब म्हणतात, भोक लहान आहे. नळीने लघवी सारखी बाहेर काढत राहिलो तर भरेलही. नळी एकदा तुंबली की संपलं. म्हणजे सगळं माझ्यावर.

२० नोव्हेंबर

रबरी नळी उकळून घातली, मांडीला फीत बांधली, दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. पालथी निजवली, म्हणजे भोकावर भार येत नाही. मांड्या लघवीने नुसत्या सोलून निघाल्यात. कोमट पाण्याने धुतल्या, टिपल्या, मलम लावलं. 

पाणी मात्र पीत नाही! "पानी पेली तं अजून गरते ना, बाई." सगळ्यांना असंच वाटतं. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, नळीत गाळ बसतो, कातडी आणखी भाजते. डोळे वटारून तांब्याभर पाजलं. "कोरडी झालीस की घरी जाशील," म्हटलं. उशीत तोंड खुपसलं. लाजली असेल.

२३ नोव्हेंबर

आज मंडईची जत्रा. सगळं आमगाव तिकडे लोटलंय. मला कोण बोलावतंय! घरमालकीण सुशीलाबाई परवाच बोलली — "हात धुवून का होते, नर्सबाई? तुमच्या लुगड्याले वास येते." विहिरीवर गेले की बायका आपापल्या बादल्या उचलून बाजूला होतात. नागपूरला शिकायला गेले तेव्हा वाटलं होतं, विधवेला चार माणसांत मान मिळेल. मिळाला बरं! गू-मूत काढणारी म्हणून सगळे ओळखतात. खरं लिहायचं तर फार एकटं वाटतं. माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

दवाखान्यातच बसले. धुरपताच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, तेल घालून सोडवल्या. लांबून ढोल ऐकू येत होते. "तुमी काऊन नाई गेल्या?" म्हणाली. म्हटलं, तुझी नळी कोण बघेल मग? हसली! पहिल्यांदाच. दात किती छान आहेत पोरीचे.

२६ नोव्हेंबर

थोडक्यात वाचली. शौचाला कधीची झाली नव्हती आणि सांगायला लाजली. मीही विचारलं नाही, गाढव मी! आज ती कुंथली आणि नळीत लाल आलं.  कोमट साबणपाण्याचा एनिमा दिला, डाव्या कुशीवर, अगदी हळू. "जोर करू नको, तोंड उघड, श्वास सोड." झालं एकदाचं. ती रडायलाच लागली. "माह्या मायनं बी एवढं नाई केलं."

भांडं झाकून टाकून आले. परत आल्यावर तिने माझा पदर धरला तो सोडेचना. कुणी आपणहून मला शिवल्याला किती वर्षं झाली!

२७ नोव्हेंबर

लघवी स्वच्छ. चादर कोरडी. देवा!

३ डिसेंबर

अजून कोरडीच.

जागेश्वर आला होता. खाटेजवळ गेलाच नाही. दारातूनच — "सुकली का?" खळ्यावरच्या धानाबद्दल विचारावं तसं! "धान चुरायले मानसं कमी पडून राहिले, बाई. अन् माय म्हनते, पुढच्या साली पोरगं पाह्यजे." मी म्हटलं, अरे, इतक्यात पुन्हा दिवस गेले तर ही पुन्हा फाटेल, जिवावर बेतेल. तो हसला. "बाईच्या जातीले का होते!"

धुरपताने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिची समजूत घातली — थोडे दिवस काढ, कोरडी झालीस की घरीच जायचंय.

७ डिसेंबर

नळी काढली. थोड्या थोड्या वेळाने उठवून भांड्यावर बसवत होते. आपली आपण झाली! त्या आवाजाने मी नाचायचीच बाकी होते. डॉक्टरसाहेबही खूश. "भरलं. नवऱ्याला निरोप धाडा."

घरी आले, भात तसाच झाकून ठेवला. ती गेली की मी कुणाचे केस विंचरू? छी! नर्स आहेस की कोण आहेस तू?

१० डिसेंबर

उद्या बंडी येणार. "ऐकलंस का, उद्या घरी!" तिने उशाशी गाडगंभर पाणी तेवढं मागून घेतलं.

११ डिसेंबर, सकाळ

चादर ओली. पार चिंब!  इतके दिवस केलेलं सगळं फुकट, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. मग चादर उचलली. तो वास मला झोपेतसुद्धा कळेल. आणि या चादरीला वासच नाही. थंडगार! उशाचं पाण्याचं गाडगं रिकामं.

धुरपता डोळे गच्च मिटून पडली होती.  "काऊन केलंस गं?" म्हटलं. डोळे न उघडताच बोलली — "मी अडली होती तवा सासूनं कोनाले बलावू देलं नाई, बाई. हे बी चूप बसून राहिले. आता गेली तं मी मरून जाईन."

आणि मी? रोज काय सांगत होते हिला? कोरडी झालीस की घरी! धीर देतेय असं वाटायचं मला. रोज भीती घालत होते मी पोरीला.

दुपार

जागेश्वर आला. ती चादर मी त्याच्यासमोर पिळली. "राहत नाही लघवी. यापुढेही राहणार नाही," म्हटलं. त्याने खांद्यावरचा दुपट्टा नाकाला लावला — विहिरीच्या पाण्याला! — आणि रिकामी बंडी वळवली.