लॅमिनेशन केलेले नमुने

ता. १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी सांगत होती, हाताचा व्यायाम करायला तू कंटाळतोस. कंटाळू नकोस. इकडे सगळं ठीक आहे, माझं डोकं सोडून.

डोकं फिरवलंय विद्यापीठाच्या ग्रंथालयाने. आईचा शिवणवर्ग बंद झाला, खोल्या महिनाअखेर सोडायच्या, म्हणून संस्थेचे कागद तिथल्या अभिलेख विभागाला द्यायचं तूच सुचवलंस. आईचं काम कुठेतरी नीट राहील, म्हणालास. सुचवायला तुझं काय जातं? पेट्या घेऊन जिने मी चढते. पहिल्या खेपेला कागदांना टाचण्या आहेत म्हणून परत पाठवलं. शिवणवर्गाच्या कागदांना टाचण्या नाहीतर काय असणार? दुसऱ्या खेपेला संस्थेचा ठराव हवा होता. बंद पडलेल्या संस्थेचा ठराव करायचा कुणी? उरलेल्या दोघी सभासदांना घरून धरून आणलं आणि जिन्यातच सभा घेतली.

परवा एकदाची पेटी उघडली. वार्षिक अहवाल बघून तिथल्या बाई खूश. कुणी वाचत नाही म्हणून तू कपाटाच्या पायाखाली सरकवले होतेस, तेच. त्यात आईचं नावसुद्धा नाही, नुसतं 'संचालिका'.

काल फोनवर तू विचारलंस, "आईचे नमुने घेतले ना?" मी हो म्हटलं आणि घाईने फोन वहिनीला द्यायला सांगितला. खोटं बोलले, दादा. नाही घेतले.

बाईंनी कापड बेतायचा एक कागदी नमुना वाकवून पाहिला. म्हणाल्या, "लॅमिनेशन केलेलं आम्हाला घेता येत नाही. आतला कागद खराब होत जातो, आणि प्लास्टिक काढायला गेलं की फाटतो."

"अहो, टिकावं म्हणूनच केलंय माझ्या भावाने."

"सगळे तेच म्हणतात हो."

बाई वाईट नाहीत. म्हणून तर जास्त राग आला.

आई गेल्यावर तू ते यंत्र आणलंस आणि दर रविवारी एकेक नमुना त्यातून काढत बसलास. मी भांडले होते, आता याला टाचणी कुठे टोचू? तू म्हणालास, "तू एकटी टोचतेस ते पुरे आहे."

घरी आल्यावर एका कॉलरच्या नमुन्याचं प्लास्टिक पात्याने सोडवून पाहिलं. आईच्या पेन्सिलीच्या रेघा प्लास्टिकबरोबर निघून आल्या, माझ्या हातात कोरा कागद. मी रडले, मग तुला शिव्या दिल्या. दोन्ही मनापासून.

आज सकाळी समोरच्यांची सून आली, मुलीचा फ्रॉक बेतायचा होता तिला. बाहीचा नमुना टेबलावरच पडला होता. तिने तो सरळ कापडावर ठेवला, हाताने दाबला आणि कडेने खडू फिरवला. नमुना जराही सरकला नाही. मग ओल्या फडक्याने खडू पुसून विचारलं, "किती छान आहे हे. कुणी केलंय?"

"आईने काढलंय, दादाने जपलंय," मी म्हटलं. तोंडातून असंच निघालं.

उद्या ती जावेलाही आणणार आहे. नमुन्यांची पेटी माझ्या पलंगाखाली आहे, पण तिथे ती फार वेळ राहील असं दिसत नाही.

ग्रंथालयात आईचं नाव नाही, हे मला अजून सहन होत नाही. तुलाही होणार नाही, ठाऊक आहे. पण व्यायाम कर. खडू धरण्यापुरता हात बरा झाला, की ये.

तुझी, आता कशालाच न लागणारी,
टाचणी